तान्ह्या पोळ्याची रंगवायची चित्रं: एआयला प्रॉम्प्ट नेमका कसा द्यावा?

बालवाडी_महाल:

नमस्कार. तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, मुलांचा लाकडी बैलांचा सण) आठवड्यात मुलांना रंगवायला द्यायची पानं एआयवर काढतेय. गट दोन, ३ ते ४ वर्षांचा आणि ६ ते ७ वर्षांचा. दोन्ही गटांना चार चित्रं हवीत: चाकांचा लाकडी नंदी, संत्रं, मारबत (त्या दिवशी नागपुरात मिरवणूक काढून जाळतात ती मोठी मूर्ती) आणि नागपुरातला झिरो माईलचा खांब. ए-फोर कागद, एका बाजूला एकच चित्र, आणि मग झेरॉक्स.

सध्याचा प्रॉम्प्ट (एआयला लिहून दिलेली सूचना) असा आहे: "तान्हा पोळ्याचा सुंदर सजवलेला नंदीबैल, मुलांसाठी कलरिंग बुक पेज, नो कलर, नो शेडिंग."

येतं ते असं: बैलाच्या पोटाखाली करडी सावली. झुलीवर इतकी बारीक नक्षी की खडूचं टोक बसणार नाही. एकदा बैलाला पाच पाय, दोनदा चाकं गायब. एका चित्रात तर पानाच्या कडेला रंगपेन्सिलीच ठेवलेल्या दिसतात. वर "तान्हा पोळा" लिहायला सांगितलं तर अक्षरं भलतीच. आणि झेरॉक्स काढल्यावर जिथे करडं होतं तिथे ठिपक्यांचा डाग. चॅटजीपीटी आणि जेमिनी दोन्हींवर करून पाहिलं. काय चुकून राहिलं ते सांगा.

रेषाकार_धरमपेठ:

ताई, यातल्या प्रत्येक दोषाचं कारण वेगळं आहे, त्यामुळे एकच जादूचा शब्द टाकून सगळं सुधारणार नाही.

आधी "सुंदर" आणि "सजवलेला" काढा. एआयच्या लेखी सजावट म्हणजे बारीक काम: वेलबुट्टी, मणी, झालरी, जाळी. रंगवायच्या चित्रासाठी विशेषण कामाचं नाही, तिथे वस्तू आणि तिचा आकडा द्यायचा. "सजवलेली झूल" ऐवजी "पाठीवर एक मोठं चौकोनी कापड, त्यावर ३ मोठे शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन". "घुंगरमाळ" ऐवजी "गळ्यात एक जाड पट्टा, त्याला १ मोठी घंटा". आकडा ४ च्या आत ठेवा. त्यापुढे ही यंत्रं मोजणीत चुकतात. सात घुंगरं मागितली की पाच येतात नाहीतर नऊ.

आता शब्द. "नंदी" म्हटलं की महादेवाच्या देवळासमोर बसलेला दगडी नंदी येण्याची शक्यता मोठी. नुसतं "बैल" म्हटलं तर परदेशी सांड येतो, रुंद मानेचा आणि सपाट पाठीचा. आपल्या बैलाची ओळख वशिंडात आहे. म्हणून वशिंड वेगळं सांगायचं: "मानेमागे पाठीवर एक गोल उंचवटा". "झूल" शब्दही टाळा, त्याचा अर्थ झोपाळा लागू शकतो. म्हणजे नाव देण्यापेक्षा आकार सांगायचा. ज्याने तान्हा पोळा कधी पाहिलाच नाही अशा चित्रकाराला फोनवर सांगताय असं समजून लिहा.

पाय आणि चाकं. हा जिवंत बैल नाही, लाकडी खेळणं आहे, हे पहिल्याच वाक्यात आलं पाहिजे. नाहीतर चाकं हमखास गळतात. खेळणं म्हटलं की पायही जाड, सरळ, खांबासारखे येतात, जे लहान मुलांना रंगवायला हवेच असतात. बाजूने पाहिलेलं चित्र मागा. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: बाजूने पाहिलं तर चार चाकांपैकी दोनच दिसतात. तुम्ही "चार चाकं" लिहिलं की एआय पलीकडची दोन चाकंही दाखवायची खटपट करतं, फळी तिरकी होते आणि तिथेच पाचवा पाय उगवतो. "बाजूने दिसणारी २ मोठी चाकं" असंच लिहा. पायांचं म्हणाल तर "४ पाय, एकमेकांपासून सुटे, मध्ये मोकळी जागा".

रंगपेन्सिली कुठून आल्या? "कलरिंग बुक पेज" या शब्दांतून. टेबलावर ठेवलेलं पुस्तक आणि शेजारी खडू, असे फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत, यंत्र तेच शिकलंय. "पुस्तक" आणि "पान" हे शब्द काढून "पांढऱ्या पृष्ठभागावर फक्त काळ्या रेषांचं चित्र, चित्राशिवाय दुसरी कोणतीही वस्तू दिसू नये" असं लिहा.

सावलीचं कारण: "स्केच", "पेन्सिल", "वास्तववादी", "थ्रीडी" यांतला एक शब्द जरी असला तरी करडेपणा येतो. तुमच्या प्रॉम्प्टमध्ये ते नाहीत, पण "नो शेडिंग" एकटंच शेवटी लटकलंय. नको ते सांगण्याआधी काय हवं ते सांगा: "प्रत्येक भाग आतून कोरा पांढरा". रेषेची जाडी मिलिमीटरमध्ये देऊन उपयोग नाही, कागद किती मोठा होणार हे त्याला ठाऊक नसतं. "जाड मार्करने काढल्यासारखी, सगळीकडे सारख्या जाडीची रेषा" हे मात्र कळतं.

३ ते ४ वर्षांसाठी पूर्ण प्रॉम्प्ट असा ठेवा:

"पांढऱ्या पृष्ठभागावर फक्त काळ्या रेषांचं चित्र. विषय: लाकडी खेळण्यातला भारतीय बैल, एका सपाट फळीवर उभा. अगदी बाजूने पाहिलेला, तोंड डावीकडे. मानेमागे पाठीवर एक गोल उंचवटा. वर वळलेली २ मोठी शिंगं. जाड, सरळ, सुटे ४ पाय. फळीखाली बाजूने दिसणारी २ मोठी गोल चाकं. पाठीवर एक मोठं कोरं चौकोनी कापड. गळ्यात १ घंटा. रेषा जाड मार्करच्या, सारख्या जाडीच्या, कुठेही न तुटलेल्या. प्रत्येक भाग आतून कोरा पांढरा, फक्त डोळ्याचं बुबुळ काळं. पार्श्वभूमी नाही, जमीन नाही, सावली नाही, अक्षरं नाहीत. बैल उभ्या पानाच्या मधोमध, चारही बाजूंना मोकळी जागा. प्रमाण २ : ३."

बुबुळाचं वाक्य वगळू नका. ते नसलं तर खूर, शिंगांची टोकं, शेपटीचा गोंडा हे सगळं काळं भरून येतं आणि मुलाला रंगवायला उरतं काय?

६ ते ७ वर्षांसाठी हाच प्रॉम्प्ट घ्या आणि चार ठिकाणी बदला. कापडावर ३ मोठे चौकोन आणि एक रुंद काठ. शिंगांना २-२ आडवे पट्टे. कपाळावर एक गोंडा. मागे आंब्याच्या पानांचं तोरण, "५ मोठी पानं" (इथे एखादं पान कमी-जास्त झालं तर बिघडत नाही). दोर ओढणारा मुलगा हवा असेल तर दोर "दोन समांतर रेषांचा जाड दोर, फळीच्या पुढच्या टोकाला बांधलेला" असं सांगा. नाहीतर एकच बारीक रेघ येते, तिच्यात रंग भरता येत नाही, आणि बऱ्याचदा ती हवेत संपते. मुलाचे दोन्ही हात दोरावर मुठी आवळलेले सांगा. सुटी बोटं मागितली की बोटांचा हिशेब चुकतो.

मोजमापाचा अंदाज म्हणून मी हे धरतो: ३-४ वर्षांना रंगवायच्या सुट्या जागा ६ ते १०, सगळ्यात लहान जागा किमान दीड सेंटिमीटर रुंद. ६-७ वर्षांना २० ते ३० जागा, सगळ्यात लहान ६-७ मिलिमीटर. मेणखडूचं टोक दोन मिनिटांत झिजून बोथट होतं, त्यामुळे याहून बारीक जागेत रंग बाहेर जाणारच. त्यात मुलाची चूक नाही, चित्राची आहे.

एक शेवटचं. चित्र ८० टक्के जमलं की त्याच चॅटमध्ये "हे बदल, ते बदल" करत बसू नका. दोन-तीन फेऱ्यांनंतर रेषा मऊ पडते, पांढऱ्यावर पिवळसर झाक येते आणि आधी बरोबर असलेलंही हलतं. त्यापेक्षा प्रॉम्प्टमधलं वाक्य सुधारा, नवीन चॅट उघडा आणि पूर्ण प्रॉम्प्ट पुन्हा टाका.

मारबत_पाहणारा:

बाकीच्या तीन विषयांबद्दल.

संत्रं नुसतं गोल मागितलं की चेंडू येतो, पानावर एक वर्तुळ. आपलं संत्रं देठाकडे थोडं वर उचललेलं असतं आणि साल सैल असते. "देठाकडे उंच मान असलेलं १ संत्रं, २ पानं, शेजारी अर्धं सोललेलं दुसरं संत्रं, त्याच्या ४ मोठ्या फोडी दिसतात" असं लिहा. सालीवरचे ठिपके नकोत हे स्पष्ट सांगा: "साल गुळगुळीत, कोरी". ठिपके झेरॉक्समध्ये घाणीसारखे दिसतात.

मारबत एआयला माहीत नाही असं समजूनच चाला. शब्द टाकला तर देवी येते, चेटकीण येते किंवा दक्षिणेकडची एखादी मूर्ती येते. "कागद आणि बांबूची मोठी बसलेली स्त्रीमूर्ती, साडी नेसलेली, मोठे गोल डोळे, कपाळावर कुंकू, हात दोन्ही बाजूंना पसरलेले" असं वर्णन करा. ३-४ वर्षांच्या गटासाठी दात आणि बाहेर आलेली जीभ वगळा. मारबती काळी आणि पिवळी अशा दोन असतात, पण चित्रं दोन लागत नाहीत. एकच रेषाचित्र काढा, रंगावरून काळी की पिवळी ते मुलं ठरवतील. प्रॉम्प्टमध्ये "काळी मारबत" लिहू नका, अख्खी साडी काळी भरून येते. पार्श्वभूमीला मिरवणुकीची गर्दी मागायची नाही. गर्दी म्हणजे पन्नास अर्धवट चेहरे.

झिरो माईलचं वर्णन करून भागणार नाही, तिथे फोटोच द्या. नुसत्या नावावर एआय कुठल्याही शहरातला घड्याळाचा मनोरा काढून देतं. वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे एकाच चौकटीत येतील असा स्वतः काढलेला फोटो अपलोड करा आणि लिहा: "या फोटोतल्या वास्तूचं साधं रेषाचित्र कर. खांब आणि घोड्यांची मांडणी फोटोप्रमाणेच ठेव. झाडं, गाड्या, तारा, कुंपण आणि माणसं काढून टाक. दगडाचा पोत दाखवू नकोस." पोताचं वाक्य महत्त्वाचं, नाहीतर दगडाच्या चिरा म्हणून शेकडो रेघा येतात. फोटो ढगाळ वेळी काढा. कडक उन्हातल्या सावलीची कडसुद्धा एआयला वस्तूची कड वाटते आणि घोड्याच्या पोटावर भलतीच रेघ येते. लहान गटासाठी चारही घोडे नकोतच, एकच घोडा आणि मागे खांब पुरे.

पुढे दीक्षाभूमी करायची असेल तर तिथेही फोटोच. "घुमट" शब्दावर कांद्याच्या आकाराचा घुमट आणि चार मिनार येतात. स्तूप अर्धगोल आहे, तो तसाच दिसला पाहिजे. समोरून, सरळ, दोन्ही बाजू सारख्या असा फोटो घ्या.

आणि फोटोत मुलं नकोत. वर्गातल्या मुलाचा फोटो टाकून त्याचं रेषाचित्र करण्याचा मोह होतो, पण पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो अशा सेवांवर चढवू नयेत.

छपाई_इतवारी:

प्रॉम्प्टवर वर छान लिहिलंय. पण चित्र कितीही चांगलं आलं तरी एआयचं चित्र थेट झेरॉक्सला देऊ नका. त्यात डोळ्याला न दिसणारा करडेपणा असतो: पांढरं पूर्ण पांढरं नसतं, काळं पूर्ण काळं नसतं. यंत्र करडा रंग ठिपक्यांनी दाखवतं, तुमचा डाग तो हाच.

आधी आकाराचं गणित. चॅटजीपीटीचं उभं चित्र सहसा १०२४ × १५३६ पिक्सेलचं येतं. ए-फोर २१० × २९७ मिलिमीटर. चारही बाजूंना १५ मिलिमीटर सोडले तर १८० × २६७ उरतात, आणि २ : ३ चं चित्र त्यात जवळपास अचूक बसतं. पण १५३६ पिक्सेल २६७ मिलिमीटरवर ताणले की इंचाला १४६ पिक्सेल पडतात. फोटोला हे एकवेळ चालेल. काळ्या रेषेची कड मात्र दातेरी दिसते. छपाईला ३०० च्या आसपास हवेत, म्हणजे चित्र दुप्पट करायचं.

जिम्पमध्ये (कॉम्प्युटरवर चित्र सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर) क्रम असा, आणि क्रम बदलायचा नाही:

१. चित्र उघडून इमेज मेनूतून ग्रेस्केल करा.
२. स्केल इमेजमध्ये २०४८ × ३०७२.
३. गॉशियन ब्लर, १.५ ते २ पिक्सेल.
४. कलर्समधून थ्रेशोल्ड. मधल्या आकड्यापासून सुरुवात करा. रेषा तुटत असतील तर सरकपट्टी उजवीकडे, डाग येत असतील तर डावीकडे.
५. उरलेले सुटे ठिपके पांढऱ्या ब्रशने पुसा.

लोक चौथी पायरी आधी करतात आणि मग मोठं करतात. तसं केलं की प्रत्येक तिरकी रेषा जिन्यासारखी दिसते. आधी मोठं, मग थोडं धूसर, मग काळं-पांढरं. धूसर केल्यामुळेच कड गोल होते.

रेषा बारीक वाटली तर फिल्टर्स, जेनेरिक, इरोड. नावावरून वाटतं रेषा झिजेल, पण हे फिल्टर पांढरं झिजवतं आणि काळं वाढवतं. एकदा चालवलं की रेषा दोनेक पिक्सेलने जाड होते. या मापात १ मिलिमीटर म्हणजे साधारण साडेअकरा पिक्सेल. लहान गटाला अडीच मिलिमीटरची रेषा हवी, म्हणजे २८-२९ पिक्सेल. मोठ्या गटाला १ ते सव्वा मिलिमीटर. रेषा आधीच १० पिक्सेलची असेल तर इरोड नऊ-दहा वेळा चालवू नका, कोपरे बुजतात. अशा वेळी प्रॉम्प्टकडेच परत जायचं.

इंकस्केप (रेषाचित्रांचं मोफत सॉफ्टवेअर) येत असेल तर ते अधिक बरं. पाथ मेनूत ट्रेस बिटमॅप, ब्राइटनेस कटऑफ, स्पेकल्सचा आकडा १५-२० ठेवला की ठिपके आपोआप जातात. ट्रेस झाल्यावर खालचं मूळ चित्र निवडून पुसा, नाहीतर पीडीएफमध्ये दोन्ही एकावर एक येतात आणि करडं पुन्हा छापलं जातं. ही चूक फार होते. ट्रेस केलेल्या आकाराला ०.५ मिलिमीटरची काळी कड दिली की सगळ्या रेषा तेवढ्याने जाड होतात.

फाइल दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि रेषेभोवती धुरळा दिसतो. दुकानदाराला सांगायच्या गोष्टी दोनच: ॲक्च्युअल साइज, आणि यंत्र टेक्स्ट मोडवर. फोटो मोडवर यंत्र हलकं करडंही जपून ठेवतं.

कागद ७०-७५ जीएसएमचा (कागदाच्या वजनाचा आकडा) मेणखडूला पुरतो. स्केचपेन द्यायचे असतील तर मागे उमटतं, म्हणून पाठपोट छापू नका. पाण्याचे रंग असतील तर १०० च्या वरचा कागद, आणि छपाई लेझरवर किंवा झेरॉक्सवर. घरच्या इंकजेटची शाई पाणी लागताच पसरते आणि पिवळ्या संत्र्यात काळे ओघळ येतात. टोनर पाण्याने हलत नाही. पोळा पावसाळ्यात येतो, हवा दमट असते. उघडं रिम ओल धरतं, कागद वाकतो आणि यंत्रात अडकतो. लागतील तेवढेच कागद काढा, बाकीचे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

बालवाडी_महाल:

खूप उपयोगी पडलं, दादा. नवीन प्रॉम्प्टने बैल पहिल्याच वेळी चार पायांचा आला, चाकंही आली. दोन अडचणी उरल्यात. एक, माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, सगळं मोबाइलवर. दुसरी, वर "तान्हा पोळा" असं पोकळ अक्षरांत हवंय, म्हणजे मुलं अक्षरंही रंगवतील.

छपाई_इतवारी:

मोबाइलवर स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं ॲप घ्या, त्यात कर्व्ह्ज. तिरक्या रेषेचं खालचं टोक उजवीकडे आणि वरचं टोक डावीकडे सरकवत आणा, दोन्ही मधल्या भागात जवळजवळ येईपर्यंत. करडं एकतर काळं होतं किंवा पांढरं, थ्रेशोल्डच्या जवळचा परिणाम मिळतो. टोकं अगदी एकावर एक आणू नका, थोडं अंतर ठेवलं तर कड दातेरी होत नाही. आधी ब्लॅक अँड व्हाइट करून घ्या म्हणजे पिवळी झाक जाईल. एक्स्पोर्ट करताना गुणवत्ता १०० टक्के. त्यानंतर एकच प्रत छापून पाहा आणि ती हातभर अंतरावरून नाही, खिडकीच्या उजेडात जवळून तपासा. पोटाखाली, शिंगांच्या मध्ये आणि चाकांच्या आत डाग राहिलेले असतात.

अक्षरजुळणी:

अक्षरं एआयकडून काढून घेऊ नका. "तान्हा" मधलं न्ह हे जोडाक्षर आहे, तिथेच ते अडखळतं: न आणि ह सुटे पडतात, नाहीतर काना भलतीकडे जातो. नवीन मॉडेलं दोन-तीन शब्द कधी बरोबर काढतात, पण मुलं याच पानावरून अक्षराचं वळण डोळ्यात साठवतात. चुकीचं अक्षर त्यांच्यापुढे जाऊ नये. प्रॉम्प्टमध्ये "वरचा पाचवा हिस्सा पूर्ण कोरा" असं लिहा आणि अक्षरं नंतर टाका.

मोबाइलवर कॅनव्हा चालेल. फॉन्ट जाड आणि गोल घ्या, बालू किंवा मुक्ताचं सर्वांत जाड वजन. पातळ फॉन्टला पोकळ केलं तर आत खडू जायला जागाच उरत नाही. अक्षराची उंची किमान ३ सेंटिमीटर. इफेक्ट्समध्ये पोकळ अक्षराचा पर्याय असतो, तो लावा.

लावल्यावर शिरोरेषेकडे नीट पाहा. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. अक्षर भरीव असताना ते दिसत नाही. पोकळ केलं की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते, जणू शिरोरेषा तुकड्यांची आहे. कान्याच्या जागीही तेच. कॉम्प्युटर मिळाला तर इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप, मग युनियन, आणि त्यानंतर भराव काढून फक्त कड ठेवायची. युनियननंतर सांधे नाहीसे होतात. मोबाइलवर हे जमणार नसेल तर दुसरी युक्ती: तोच मजकूर दोन थरांत घ्या. खालचा काळा, जाड कडेचा. वरचा त्याच जागी, त्याच मापाचा, पांढरा भरीव. वरच्या पांढऱ्यामुळे सांध्याच्या रेघा झाकल्या जातात आणि बाहेरची काळी कड तेवढी उरते.

ल आणि श कडेही लक्ष असू द्या. काही फॉन्टांत हिंदी वळणाचा ल आणि श येतो. "बैल" आणि "माईल" लिहिताना मराठी वळणाचा ल दिसत नसेल तर फॉन्ट बदला, पहिलीच्या पाठ्यपुस्तकातल्या अक्षराशी ते जुळायला हवं. मारबतीच्या पानावर "घेऊन जा गे मारबत" टाकता येईल. जोडाक्षर एकही नाही, लहान गटालाही झेपेल.

घरचं_मशीन:

ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे आणि स्टेबल डिफ्यूजन (स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालणारा चित्रांचा एआय) चालवतात त्यांच्यासाठी थोडं वेगळं.

वरचा मराठी प्रॉम्प्ट चॅटजीपीटी-जेमिनीला चालतो, स्टेबल डिफ्यूजनच्या एसडीएक्सएल मॉडेलला नाही. त्यातला मजकूर वाचणारा भाग मुख्यतः इंग्रजीवर शिकलाय आणि एका वेळी ७५ टोकन (शब्दांचे तुकडे) वाचतो. देवनागरीचं एकेक अक्षर अनेक टोकन खातं, दोन वाक्यांत मर्यादा संपते आणि अर्थही लागत नाही. तिथे इंग्रजीत, तुटक शब्दांत, महत्त्वाचं आधी: ब्लॅक अँड व्हाइट लाइन आर्ट, वुडन टॉय झेबू बुल ऑन अ प्लँक विथ व्हील्स, साइड व्ह्यू, थिक क्लीन आउटलाइन्स, प्लेन व्हाइट बॅकग्राउंड. अर्थात रोमन लिपीत टाइप करायचं. "झेबू" हा शब्द वशिंडाचं काम एकट्याने करतो, वेगळं वर्णन लागत नाही.

"नो शेडिंग" मुख्य प्रॉम्प्टमध्ये लिहिलं तर उलटं होतं. "नो" कडे दुर्लक्ष होतं आणि शेडिंग शब्द तेवढा ऐकला जातो. नको असलेलं सगळं निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या चौकटीत, आणि तिथे "नो" न लावता: शेडिंग, ग्रेस्केल, ग्रेडियंट, हॅचिंग, टेक्स्चर, कलर, पेन्सिल, टेक्स्ट, एक्स्ट्रा लेग्ज. मिडजर्नी या दुसऱ्या चित्रांच्या एआयमध्ये हेच काम दोन डॅश आणि नो लिहून पुढे स्वल्पविरामाने शब्द देऊन होतं. प्रमाणासाठी तिथे दोन डॅश, एआर, २:३.

माप ८३२ × १२१६, स्टेप्स २५ ते ३०, सीएफजी (प्रॉम्प्ट किती काटेकोर पाळायचा तो आकडा) ६ च्या आसपास. सीएफजी १०-१२ केला की काळे ठोकळे वाढतात. चांगली मांडणी सापडली की सीड (तेच चित्र पुन्हा मिळवून देणारा आकडा) टिपून ठेवा आणि एका वेळी एकच शब्द बदला, म्हणजे कुठल्या शब्दाने काय झालं ते दिसतं. झिरो माईलसाठी कंट्रोलनेट या जोडसाधनाचं लाइनआर्ट घ्या, फोटोतली मांडणी जागेवर राहते. वजन १ ऐवजी ०.६-०.७ ठेवा. पूर्ण १ वर ठेवलं तर दगडाची प्रत्येक चीर चित्रात उतरते.

रेषाकार_धरमपेठ:

ताई, छापण्याआधी एक तपासणी मोबाइलवरच करून घ्या. चित्र कुठल्याही रंगभरणीच्या ॲपमध्ये उघडा आणि बादलीने एकेका भागात रंग ओता. रंग बाहेर पसरला तर तिथे रेषेला फट आहे. कागदावर खडूने रंगवताना फट असली तरी अडत नाही, पण लहान मूल रेषेपाशी थांबायला शिकत असतं, त्याला रेषा अखंड मिळावी. फट बहुतेकदा शेपटी जिथे अंगाला चिकटते तिथे आणि खूर फळीला टेकतो तिथे असते. काळ्या ब्रशने दोन ठिपक्यांत जोडता येते.

आणि बैलाचं कापड लहान गटाला कोरंच राहू द्या. त्यावर ठसे उमटवता येतात, टिकल्या चिकटवता येतात, बोजारा (तान्ह्या पोळ्याची भेट) म्हणून मिळालेल्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून गोल काढता येतात. रुपयाचं नाणं २ ते अडीच सेंटिमीटरचं असतं, म्हणजे ८ सेंटिमीटर रुंदीच्या कापडात तीन गोल सहज मावतात. प्रॉम्प्टमध्ये कापड "बैलाच्या अंगाच्या निम्म्या लांबीचं" असं सांगितलं की छापल्यावर जवळपास तेवढी जागा मिळते.